न झालेल्या आजाराची गोळी



औषध कोणी घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जो आजारी आहे त्याने घ्यावे. आधी दुखणे येते, मग डॉक्टर, मग औषध. आपल्या पालघर जिल्ह्यात मात्र एक औषध असे आहे की ज्याचा क्रम उलटा आहे. ते घ्यायला आपण दवाखान्यात जात नाही, तेच आपल्या दारी येते. आशाताई किंवा आरोग्य सेवक वही घेऊन येतात, घरात माणसे किती, वये किती, हे विचारतात आणि प्रत्येकाच्या हातावर हत्तीरोगाच्या गोळ्या ठेवतात. मग पुष्कळ घरांतून एकच उत्तर ऐकू येते : "ताई, आम्हाला काही झालेले नाही, आम्हाला गोळ्या कशाला?"

असे विचारणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या बोलण्यात एक खरा प्रश्न आहे आणि तो वैद्यकाचा कमी, नीतीचा जास्त आहे. माझ्या शरीरात काय जावे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. मला आजार नाही. गोळीने मला थोडा त्रासही होऊ शकतो. मग केवळ इतरांच्या भल्यासाठी ती गिळण्यास मी बांधील आहे काय? शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आपल्या घशापर्यंत पोहोचते काय? या रविवारी आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू या.

आजार कसा पसरतो

नीतीचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. चुकीच्या माहितीवर उभा केलेला चांगला विचारही शेवटी ढासळतो.

हत्तीरोग हा दोऱ्यासारख्या बारीक कृमींमुळे होतो. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिकावाहिन्यांचे जाळे असते. तेथे हे कृमी घर करतात आणि सहा ते आठ वर्षे जगतात. तेवढ्या काळात मादी कृमी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. ही पिल्ले दिवसा रक्तात फारशी सापडत नाहीत, ती रात्री वर येतात. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीचे पथक रात्री आठ-नऊनंतर दारे ठोठावते. पथकाचे हे अवेळी येणे अनेकांना विचित्र वाटते, पण त्याचे कारण हे आहे. हा रोग पसरवणारा क्युलेक्स जातीचा डास रात्री चावतो, आणि कृमीच्या पिल्लांनी आपली वेळ त्या डासाच्या वेळेशी जुळवून घेतली आहे.

डास एकाचे रक्त घेतो, त्यासोबत पिल्ले त्याच्या पोटात जातात, दहा-चौदा दिवस त्याच्या अंगात वाढतात आणि मग दुसऱ्याच्या अंगात शिरण्यास तयार होतात. एका चाव्याने सहसा रोग होत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चावे होत राहिले की होतो. हा डास वाढतो तो घाण पाण्यात. उघडी गटारे, तुंबलेले नाले, शौचालयाच्या टाक्या ही त्याची ठिकाणे. बोईसरच्या आसपास ज्या वेगाने चाळी उभ्या राहिल्या त्या वेगाने गटारे बांधली गेली नाहीत, हे आपणास कोणी वेगळे सांगायला नको.

आता यातील सर्वात महत्त्वाची गोष्ट. ज्याच्या रक्तात ही पिल्ले आहेत त्याला बहुधा काहीच होत नसते. ताप नाही, सूज नाही, थकवा नाही. लागण पुष्कळदा लहानपणी होते आणि पाय सुजतो तो कित्येक वर्षांनी, तोही सर्वांचा नाही. म्हणजे "मला काही झालेले नाही" हे वाक्य आपण प्रामाणिकपणे बोलतो, पण ते खरे आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. आपण दुखण्यापासून मुक्त असतो, तेवढ्यावरून कृमीपासूनही मुक्त आहोत असे म्हणता येत नाही. रात्री आपल्या उशाशी बसलेला डास सकाळपर्यंत शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो, आणि तो जाताना आपल्या घरून काय नेतो हे आपणास कळत नाही.

गोळी काय करते

या गोळ्यांपैकी मुख्य गोळी डीईसी नावाची. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना या रोगाची लागण झाली आणि औषधाचा शोध सुरू झाला. अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास हे औषध सिद्ध झाले. त्या वेळी तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, पण आपल्या वस्तीत वाटली जाणारी ही साधी गोळी त्यांच्या हाताखालील कामातून आलेली आहे.

डीईसी रक्तातील पिल्लांना मारते. मोठ्या कृमींपैकी मात्र काहीच मरतात, बाकीचे पुन्हा पिल्ले घालू लागतात. म्हणून गोळी एकदाच घेऊन भागत नाही, ती वर्षातून एकदा अशी काही वर्षे घ्यावी लागते. सोबत अल्बेंडाझोलची एक गोळी चावून खायची असते. भारतात ही सार्वत्रिक मोहीम २००४ साली सुरू झाली. अलीकडे काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही जोडले जाते. आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यात २०१९ च्या आरंभी ते सुरू झाले. डीईसीचे प्रमाण वयावर ठरते : दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक गोळी, सहा ते चौदा वर्षांपर्यंत दोन आणि त्यापुढे तीन. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती माता आणि गंभीर आजारी माणसे यांना ती देत नाहीत. उपाशीपोटी घ्यायची नसते.

गोळी घेतल्यावर कोणाला डोके दुखते, कोणाला ताप येतो, कोणाला उलटी होते. मग वस्तीत बातमी फिरते की गोळ्या वाईट आहेत. प्रत्यक्षात हा त्रास पुष्कळदा त्यांनाच होतो ज्यांच्या रक्तात पिल्ले असतात. औषधाने ती एकदम मरतात आणि शरीर त्यांच्याशी झगडते. दोन-तीन दिवसांत हे शमते. म्हणजे ज्या त्रासाकडे आपण गोळीचा दोष म्हणून पाहतो, तो पुष्कळदा गोळीची गरज होती याची खूण असतो.

आणखी एक हिशेब आहे. गावातील एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांनी, आणि तेही सलग काही वर्षे, गोळी खरोखर पोटात घेतली तर पिल्लांचे प्रमाण इतके घटते की डासाला नेण्याजोगे काही उरत नाही आणि साखळी तुटते. श्रीलंकेने हे साधले आणि २०१६ साली तो देश या रोगाच्या सार्वजनिक संकटातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. बांगलादेशाने २०२३ साली तेच साधले. दोन्ही आपले शेजारी, आपल्यासारखेच दाट वस्तीचे, आपल्यासारखेच पावसाळ्याचे देश. आपल्या देशाचे लक्ष्य आधी २०१५ होते, ते पुढे सरकत सरकत २०२७ पर्यंत आले आहे.

मात्र ६५ टक्के हा आकडा वहीतला असून चालत नाही, तो पोटातला असावा लागतो. "ठेवा, जेवून घेतो" असे सांगून गोळ्या फडताळात पडून राहतात आणि वहीत मात्र खूण होते. ताईंना बरे वाटावे म्हणून बोललेले हे छोटेसे खोटे कोणाला लागत नाही असे वाटते. पण त्या खुणांच्या भरवशावर उद्या कोणी अधिकारी ठरवील की या गावात रोग संपला, आणि मोहीम बंद होईल. स्पष्ट नकार दिला तर निदान वही तरी खरी राहते. खोट्या होकाराने वहीही फसते आणि शेजारीही.

ही दया की देणे?

मग आपण बांधील आहोत काय? काही जण म्हणतील, ही परोपकाराची बाब आहे. घेतली तर उत्तम, नाही घेतली तर पाप नाही. आम्हास मात्र वाटते की हा विषय परोपकाराहून थोडा पुढचा आहे.

आपल्याकडील वाडीवाल्यांना गेंडा भुंगा ठाऊक आहे. तो माडाचा कोंब पोखरतो, पण वाढतो शेणाच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या खोडात. एखाद्याने आपल्या वाडीच्या कडेला उकिरडा तसाच पडू दिला आणि शेजाऱ्याचे माड गेले, तर "उकिरडा माझ्या जागेत आहे" हे उत्तर पुरेसे होईल काय? त्याने मुद्दाम काही केले नाही हे खरे. पण थोड्या श्रमात थांबवता येणारे नुकसान, माहीत असून, त्याने होऊ दिले. तो उकिरडा साफ करतो तेव्हा शेजाऱ्यावर दया करत नाही, तो आपले देणे फेडतो. आपल्या रक्ताचेही तसेच आहे. ते आपलेच आहे, पण डासाला कुंपण नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला त्यात सर्वांच्या हिताची कल्पना मांडली आहे. तिचा मथितार्थ असा की, समाजजीवनाची अशी परिस्थिती असावी जिच्यात प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक गटाला आपली पूर्णता गाठणे सुलभ होईल. अशी परिस्थिती कोणी एकटा विकत घेऊ शकत नाही. स्वच्छ हवा, सुरक्षित रस्ता, रोगमुक्त गाव ही सर्वांनी मिळून राखायची मालमत्ता आहे, आणि ती सर्वांची असल्यामुळेच प्रत्येकाला वाटते की आपल्या एका वाट्याने काय बिघडणार.

येथे जुन्या करारातील नामानाची गोष्ट आठवते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ती आहे. हा अरामी सेनापती कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून अलीशा संदेष्ट्याच्या दारी आला. संदेष्टा बाहेरही आला नाही, त्याने निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान रागावला. एवढा साधा उपाय, तोही परक्या नदीत! त्याच्या सेवकांनी त्याला समजावले की काही अवघड सांगितले असते तर आपण केलेच असते, मग सोपे का करू नये? आपलेही तसेच होते. शेजाऱ्यासाठी रक्त द्यायची वेळ आली तर आपल्यातले कित्येक तरुण मध्यरात्री पालघरला धावतील. पण शेजाऱ्यासाठी तीन गोळ्या गिळायच्या म्हटले की ते फारच किरकोळ वाटते आणि म्हणून राहून जाते. प्रेमाची मोठी कृत्ये आपण ओळखतो, लहान कृत्ये आपल्या ध्यानातही येत नाहीत.

एक फरक मात्र आहे. नामानाने स्नान केले ते स्वतःच्या कातडीसाठी. आपण गोळी घेतो तिचे फळ कोणाला मिळाले हे आपणास कधीच कळणार नाही. ज्या मुलाचा पाय वीस वर्षांनी सुजला असता आणि सुजणार नाही, ते मूल आपले आभार मानायला येणार नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसेल.

मागणाऱ्याचेही कर्तव्य

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. निरोगी माणसाला "हे गिळ" असे सांगण्याचा अधिकार साधा नाही. जो तसे मागतो त्याने खरे बोलले पाहिजे आणि आपला वाटा उचलला पाहिजे.

चीनने हत्तीरोग घालवताना डीईसी मिसळलेले मीठ मोठ्या प्रमाणावर वापरले आणि २००७ साली तो देश या रोगातून मुक्त झाला. मीठ सोयीचे, कारण ते रोजच्या जेवणातूनच पोटात जाते. गोळी गैरसोयीची, कारण ती दरवर्षी, दरमाणशी विचारावी लागते. पण या विचारण्यातच माणसाचा मान आहे. दारात उभ्या असलेल्या ताई आपल्याला एक प्रश्न विचारत असतात, आणि ज्याला प्रश्न विचारला जातो त्याला उत्तर मागण्याचा हक्कही असतो. ही गोळी कसली, त्रास झाला तर कोठे जायचे, मला मधुमेह आहे तर चालेल का, हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि ज्यांना विचारले त्यांनी घाईने "घ्या हो, काही होत नाही" असे म्हणणे हा प्रामाणिकपणा नव्हे. थोडा त्रास होऊ शकतो, हे आधी सांगितले तर माणूस घाबरतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे न सांगता त्रास झाला की तो पुढच्या वर्षी दारच उघडत नाही.

खरेपणा सुटला की काय होते याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात घडले. मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना तेथील आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस द्याव्यात. माणसे ऑक्सिजनसाठी धावत होती, तेव्हा हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याआधी मार्चमध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की कोरोनासाठी हे औषध संशोधनाच्या चाचण्यांबाहेर वापरू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या देशाच्या उपचार-मार्गदर्शनातूनही ते काढून टाकण्यात आले. पुढे मोठ्या चाचण्यांतही त्याचा लाभ दिसला नाही.

हेच आयव्हरमेक्टिन कृमींच्या बाबतीत मात्र अनमोल आहे. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवातून ते आले, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा कृमींवरील गुण दाखवून दिला, आणि या कामासाठी दोघांना २०१५ साली नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. औषध तेच, "सर्वांनी घ्या" ही हाकही तीच. एके ठिकाणी तिच्यामागे अनेक वर्षांचा पुरावा होता, दुसरीकडे केवळ आशा. म्हणून "सरकारने सांगितले" एवढ्यावर आपले कर्तव्य सिद्ध होत नाही, आणि "मोबाइलवर आले होते" एवढ्यावर ते संपतही नाही. पुरावा पाहणे हा विवेकाचा भाग आहे. आपल्याला तो स्वतः तपासता येत नसेल तर ज्यांना येतो अशांना विचारावे.

असाच प्रामाणिकपणा मुलांच्या जंतनाशक गोळीबाबतही हवा. २०१५ सालापासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे त्याचे दिवस. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल दिले जाते, दोन वर्षांखालील बाळाला अर्धी गोळी. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला तिचा लाभ होतो यात वाद नाही. पण सरसकट सर्व मुलांना दिल्याने त्यांचे वजन किंवा अभ्यास किती सुधारतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. हे सांगितल्याने गोळीची किंमत कमी होत नाही. गोळीने सगळेच साधेल असे सांगणाऱ्याच्या शब्दाची किंमत मात्र एक दिवस नक्की कमी होते.

मुकी जनावरे आणि आपण

आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाय, म्हैस, शेळ्या आहेत त्यांना हा विषय नवा नाही. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही दोन्ही औषधे आधी जनावरांसाठी आली आणि १९८० च्या दशकात माणसांच्या वापरात आली. एका अर्थाने मेंढ्या-गुरांनी आपल्यासाठी वाट मोकळी केली. त्यांच्या पोटातील जंत काढणे ही आपली कृपा नाही, ती मालकाची जबाबदारी आहे.

पण येथेही शेजारी आहेच. जनावराला जंताचे औषध पाजल्यावर काही दिवस त्याचे दूध विकू नये असे औषधाच्या बाटलीवर लिहिलेले असते. ते दिवस पाळायचे म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे बुडाले. दूध घेणाऱ्याला चवीवरून काही कळणार नाही. कोणी पाहत नसताना ते दूध बाजूला ठेवणे, हीच सचोटी. दुसरे असे की, औषध महाग म्हणून चार शेळ्यांचे आठ शेळ्यांत वाटून पाजले तर जंत पूर्ण मरत नाहीत. जे उरतात ते औषधाला दाद न देणारे, आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. अर्धवट आणि वारंवार वापरामुळे अनेक देशांत मेंढ्यांच्या जंतांवर या गटातील औषधे निकामी झाली आहेत. औषधाची धार ही सर्वांची ठेव आहे. एकाने ती बोथट केली की ती सर्वांसाठी बोथट होते. आणि गुरांची बाटली माणसाने कधीही तोंडाला लावू नये. कोरोनाच्या काळात परदेशात काहींनी ते केले आणि त्यांना रुग्णालयात जावे लागले.

गोळीच्या पलीकडे

आपल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक कारखाने औषधांची मूळ द्रव्ये बनवतात. आरती ड्रग्जसारख्या कंपनीचे मेट्रोनिडाझोल तर दूरदूर जाते. आव घालवणारी, अमीबासारख्या परजीवींना मारणारी ती गोळी अनेकांच्या घरात असते. आपल्या वसाहतीतील कामगार पाळ्या करून जगाच्या पोटातील परजीवी मारण्याचे औषध बनवतो आणि पाळी संपवून ज्या खोलीवर जातो तिच्या दारातून उघडे गटार वाहत असते. हा विरोधाभास आपल्या इतक्या जवळ आहे की तो आपल्याला दिसेनासा झाला आहे.

म्हणून गोळी मागणाऱ्यांकडे आपणही काही मागितले पाहिजे. ग्रामपंचायतीने गटारे झाकावीत, नाले वाहते ठेवावेत, पाड्यांवर शौचालयांना पाणी द्यावे. गोळी रक्तातील पिल्ले मारते, गटारातील डास मारत नाही. दरवर्षी गोळ्या वाटायच्या आणि गटार तसेच ठेवायचे, हे गळके छप्पर न शाकारता दर पावसाळ्यात बादली ठेवण्यासारखे आहे. मात्र छप्पर शाकारेपर्यंत बादली लाथाडणे हाही शहाणपणा नव्हे.

आपला वाटाही लहान नाही. शौचालयाच्या टाकीच्या नळीला वर जाळी बांधणे हे काम कोणत्याही घरी होण्याजोगे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत त्यांच्यावर एक खास जबाबदारी येते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेले कामगार मोहिमेच्या वेळी पाळीवर असतात, पथक कुलूप पाहून पुढे जाते, आणि मग आपणच म्हणतो की रोग हे लोक आणतात. डासाला रेशनकार्ड कळत नाही. भाडे घ्यायला आपल्याला त्यांची सुटीची वेळ बरोबर सापडते, तीच वेळ आशाताईंना सांगितली तर काय बिघडेल? परका समजून ज्यांना आपण हिशेबातून वगळतो, त्यांना वगळून हा रोग जात नाही. या एका बाबतीत निसर्गाने आपल्यावर बंधुता सक्तीची केली आहे.

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांना या गोळ्या फार उशिरा मिळाल्या. ज्यांचा पाय एकदा सुजून जाड झाला आहे तो गोळीने पूर्ववत होत नाही. अशी माणसे बाजारात जाणे टाळतात, लग्नाला जाणे टाळतात, आणि मिस्सेला आली तर मागच्या बाकावर बसून सर्वांच्या आधी निघून जातात. त्यांना लपण्याचे कारण नाही. पापामुळे कोणाला हत्तीरोग होत नाही, डासामुळे होतो, आणि ज्याचा पाय सुजला आहे त्याच्याजवळ बसल्याने तो लागत नाही.

त्यांच्यासाठी असलेला उपाय अत्यंत साधा आहे. पाय रोज साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, बोटांच्या बेचक्यांत पाणी राहू न देता मऊ कापडाने टिपून कोरडा करायचा, जखम असेल तर मलम लावायचे, बसताना-निजताना पाय उंचावर ठेवायचा. एवढे नियमित केले तर वारंवार येणारा ताप आणि सूज पुष्कळ कमी होते. पण सुजलेल्या पायाच्या वयस्कर माणसाला वाकून स्वतःचा पाय धुणे जमत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी करावे लागते, आणि रोज करावे लागते.

पवित्र गुरुवारी आपण वेदीसमोर पाय धुण्याचा विधी पाहतो. आपल्या गावात, आपल्या पाड्यावर असा एखादा पाय आहे काय, याची चौकशी या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने करावी. आढळला तर एक घमेले, साबणाची एक वडी आणि एक स्वच्छ कापड घेऊन त्या घरी जावे.